नाव कमी करायचं नाही

आमच्या गावाकडच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बुधवारी संध्याकाळी घरोघरी प्रार्थनासभा असते आणि शेवटी सभा चालवणारे विचारतात, प्रार्थनेचे विषय सांगा. मग एकेक जण सांगतो. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, कुणाचा बारावीचा रिझल्ट, कुणाची बदली. २०११ च्या मे महिन्यापासून आमच्या घरचा विषय एकच होता, माझा धाकटा भाऊ. पहिल्या वर्षी आईला सांगावंच लागायचं नाही, दुसरेच कोणीतरी आधी त्याचं नाव घ्यायचे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आई स्वतः सांगायची. पाचव्या वर्षी आईने तोंड उघडलं की लोक खाली सतरंजीकडे बघायला लागायचे, म्हणजे कंटाळा नव्हता तो, काय बोलायचं हे कळत नसायचं त्यांना. आणि सहाव्या वर्षी कधीतरी विषयांच्या वहीतून त्याचं नाव गळालं. कुणी मुद्दाम काढलं नाही. वही भरली, नवी घेतली, चालू विषय नव्या वहीत उतरवले आणि हा एक उतरवायचा राहिला.

त्या दिवशी आई घरी आली, हातपाय धुतले, आणि मला पुण्याला फोन करून फक्त एवढंच म्हणाली, आता आपण दोघीच गं.

तो गेला तेव्हा २२ वर्षांचा होता. आयटीआय झालेला, फिटर, नगरच्या एमआयडीसीत सहा महिने काम करून सोडलेलं, आणि घरी वडिलांशी रोजचे खटके. त्या रात्री काय बोलणं झालं ते मी इथे लिहिणार नाही, वडील आता नाहीत, त्यांची बाजू सांगायला ते येऊ शकत नाहीत. मी तेव्हा नुकतीच नर्स म्हणून नोकरीला लागलेली, नाइट ड्युटीवर होते, आणि सकाळी आईचा फोन आला की तो अंथरुणात नाही, बॅग नाही, पण चार्जर इथेच आहे. त्या चार्जरवरून आईने ठरवून टाकलं की संध्याकाळपर्यंत येईल. तिसऱ्या दिवशी मोबाईल स्विच ऑफ झाला. पोलिसात मिसिंगची तक्रार दिली, फोटो दिला, कोणी म्हणालं शिर्डीला दिसला, कोणी म्हणालं चाकणला कंपनीत आहे, जिथे जिथे म्हणाले तिथे तिथे वडील जाऊन आले. वडील कमी बोलायचे. पण दर वेळी जाताना तो चार्जर बरोबर न्यायचे, हे मला फार नंतर कळलं.

आईची प्रार्थना पहाटे साडेचारला असायची, नळाला पाणी यायच्या आधी. गोधडीची घडी घालून तिच्यावर गुडघे टेकायची आणि सुरुवात नेहमी एकच, "हे प्रेमळ दयाळू स्वर्गीय पित्या". मग सगळं गाव यायचं त्यात, आजारी माणसं, शेजारची म्हातारी, मंडळी, पाळकसाहेब, सरकार, पाऊस, आणि सगळ्यात शेवटी तो. त्याच्यासाठी ती मोठं काही मागायची नाही. त्याला थंडीत दम लागतो बापा, तुला ठाऊकच आहे, त्याला अंगावर घ्यायला असू दे. त्याला कोणीतरी जेवलास का म्हणून विचारू दे. त्याला घरचा नंबर आठवू दे. मग आमेन, आणि उठून चहा. मी सुट्टीला गेले की अंथरुणात पडून हे ऐकायचे, आणि खरं सांगायचं तर मला सुरुवातीची काही वर्षं ते ऐकवत नसे, मी डोक्यावरून पांघरूण घ्यायचे.

नंबरावरून आठवलं. भावाचा मोबाईल नंबर वर्षभर स्विच ऑफ लागायचा, मग तो नंबर अस्तित्वात नाही असं सांगायला लागले, आणि २०१४ मध्ये एक दिवस आईने लावला तर रिंग गेली. रिंग गेली म्हटल्यावर तिच्या हातातला तवा खाली पडला म्हणे. पलीकडे एक माणूस होता, विदर्भातला, बोलण्यावरून कळत होतं. बंद पडलेले नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्याला देतात, तसा तो त्याला मिळालेला, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. दुसरा कोणी असता तर राँग नंबर म्हणून ठेवून दिला असता. तो थांबला, आईचं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला माय, ह्या नंबरवर कधी कोणी तुमच्या पोराला विचारत आलं तर मी तुम्हाला कळवतो. दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या प्रार्थनेत तो पण आला. त्याचं नाव आईला माहीत नव्हतं, ती म्हणायची, "आणि बापा, तो नंबरवाला."

आता लोकांचं सांगते, कारण हे सांगितल्याशिवाय बाकीचं नीट कळणार नाही. लोक वाईट नव्हते. पण उत्तर येत नाही म्हटलं की माणसाला ते सहन होत नाही, त्याला काहीतरी कारण लागतं. एक भगिनी म्हणाली की तेच ते मागत राहणं म्हणजे अविश्वास, एकदा मागायचं आणि मिळालं म्हणून आभार मानायला लागायचं. आईने तसंही करून बघितलं, तीन महिने "बापा तू त्याला आणलंस म्हणून तुझे आभार" असं म्हणायची आणि म्हणताना तिचा आवाज बारीक व्हायचा, मग एक दिवस म्हणाली मला खोटं बोलल्यासारखं होतंय, आणि सोडलं. बाहेरगावहून आलेल्या एका उपदेशकाने तर सगळ्यांसमोर विचारलं की घरात कुठलं कबूल न केलेलं पाप आहे का. वडील तिथेच बसले होते. त्यानंतर वडील प्रार्थनासभेला कधीच आले नाहीत, रविवारच्या उपासनेला यायचे, मागे बसायचे, निघून जायचे.

मला आजही याचा राग आहे, आणि राग यासाठी की पवित्र शास्त्रात याच्या बरोबर उलटं लिहिलेलं आहे. ईयोब नावाच्या भल्या माणसाचं सगळं गेलं आणि त्याचे मित्र आले तेव्हा पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. माझ्या मते सगळ्या पुस्तकात त्यांनी केलेलं चांगलं काम तेवढंच. आठव्या दिवसापासून कारणं द्यायला लागले, तू काहीतरी केलं असशील, आणि शेवटी परमेश्वर त्या कारणं देणाऱ्यांना म्हणतो की माझ्याविषयी तुम्ही बरोबर बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. ईयोब काय बोलला होता? तक्रार केली होती! जन्मलो तो दिवस जळो म्हणाला होता, देवाला समोर ये म्हणाला होता. आणि पुन्हा पुन्हा तेच मागण्याबद्दल म्हणाल तर वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत स्वतः प्रभू येशू तीनदा गेला, आणि शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, लिहिणारा मार्क स्पष्ट सांगतो की दुसऱ्यांदा त्याने तेच शब्द म्हटले. अब्बा, बापा, हा प्याला, म्हणजे हे दुःख, माझ्यापासून दूर कर. प्याला दूर झाला नाही. देवाच्या पुत्राच्या विनंतीला असं उत्तर येतं आणि आमच्या आईला मात्र सांगायचं की तुझ्या मागण्यात खोट आहे?

आई चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चमधली, म्हणजे मूळची जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाची, ज्यांचं काम नगरला १८३१ पासून आहे. मेणबत्त्या, नवस, मूर्ती हे आमच्यात नाही. पण शेजारची कॅथलिक मावशी तिला सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला घेऊन गेली, आणि पुढच्या वर्षी मुंबईची माझी मावशी वांद्र्याच्या जत्रेला. माउंट मेरीच्या चढावर दुतर्फा मेणाच्या वस्तू विकायला असतात, ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं ते घेऊन वर अर्पण करायचं, हात, पाय, घर, तान्हं बाळ. आई त्या दुकानासमोर उभी राहिली आणि विक्रेत्या बाईला विचारलं, हरवलेल्या माणसासाठी काय घेतात? त्या बाईने क्षणभर विचार केला आणि एक पूर्ण माणूस काढून दिला, वीतभर, पिवळसर मेणाचा, पुरुषाचा. आईने पैसे दिले. वर गेली, पण तो ठेवायला तिचं मन होईना, आपल्यात हे करत नाहीत हे तिच्या हाडात होतं, आणि परत द्यायलाही होईना. मग तो पदरात गुंडाळून घरी आणला. आजही आहे. उन्हाळ्यात मऊ होतो म्हणून ती त्याला तांदळाच्या डब्यात ठेवायची. यावरून मी तिला कधी काही बोलले नाही आणि कुणी बोललेलं मला चालणार नाही, तिने देवाला सोडून दुसरीकडे धाव घेतली असं मला वाटत नाही, तिला हातात धरायला काहीतरी हवं होतं.

संदेशात, म्हणजे चर्चमधल्या प्रवचनात, अशा आयांना नेहमी मोनिकाचं उदाहरण देतात. मोनिका म्हणजे संत ऑगस्टीनची आई, उत्तर आफ्रिकेतली, चौथ्या शतकातली, मुलगा भरकटलेला म्हणून ती रडत राहिली, १७ वर्षं असं सांगतात. मला या गोष्टीतला एक तुकडा कुठल्याच संदेशात ऐकायला मिळाला नव्हता, तो मी नंतर वाचला. ३८३ साली ऑगस्टीनला रोमला जायचं होतं आणि आई सोडेना, कार्थेजच्या बंदरापर्यंत मागे आली. त्याने तिला थाप मारली की मित्राला निरोप देतोय, आणि जवळच संत सिप्रियनचं प्रार्थनास्थळ होतं तिथे तिला रात्रीपुरतं थांबवलं. ती रात्रभर तिथे प्रार्थना करत होती की देवा ह्याला जाऊ देऊ नकोस. आणि त्याच रात्री तो जहाजावर चढून निघून गेला. सकाळी ती किनाऱ्यावर आली तर समुद्र मोकळा. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, आणि पुढे म्हणतो की देवाने तिचं त्या रात्रीचं मागणं नाकारलं ते तिचं नेहमीचं मागणं पुरं करण्यासाठी, कारण रोमहून तो मिलानला गेला आणि तिथे अ‍ॅम्ब्रोज बिशपांचं ऐकून बदलला. ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. मोनिकाने पाहिला, आणि त्याच वर्षी ऑस्टिया बंदरात ५६ व्या वर्षी ती गेली.

हे वाचलं तेव्हा मी ड्युटी रूममध्ये बसून खूप रडले, कारण आई प्रार्थना करतेय आणि त्याच रात्री मुलगा पाठ फिरवून निघून जातोय, हे आमच्याच घरातलं होतं. पण मोनिकाला शेवट दिसला. ज्यांना शेवट दिसला त्यांचीच गोष्ट लिहिली जाते ना, आणि तीच आपण एकमेकांना सांगतो. किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या आणि ज्यांची मुलं परत आलीच नाहीत अशा बायका त्या काळीही कार्थेजच्या बंदरात असतीलच की, त्यांच्या प्रार्थनेचं मोल कमी होतं का?

आमच्या उपासनेत साक्षीची वेळ असते. ज्याची प्रार्थना ऐकली गेली तो पुढे येतो, प्रभूने असं असं केलं म्हणून सांगतो, सगळे हल्लेलुया म्हणतात. मला ते आवडतं, त्यात खोटं काही नाही, आजारातून उठलेल्या माणसाने देवाचे आभार नाही मानायचे तर कुणाचे मानायचे. पण अकरा वर्षं आई त्या वेळेत बाकावर बसून राहिली. तिच्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं सगळ्यांनी आणि तिनेही धरून चाललं होतं. मला वाटतं इथे आपलं चुकतंय. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत, म्हणजे ज्यांना अजून उत्तर मिळालेलं नाही अशा माणसांनी म्हटलेली. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोन ओळींतच चार वेळा विचारलंय, कोठवर? अठ्ठ्याऐंशीवं तर संपतंच अंधार या शब्दावर, नंतर एक ओळ सांत्वनाची नाही. आणि ही गाणी होती, मंदिरात लोकांसमोर म्हणायची. म्हणजे इस्राएल लोकांच्या उपासनेत, मला अजून काही मिळालेलं नाही, असं उभं राहून गाण्याला जागा होती. आमच्या स्टेजवर नाही.

वडील २०१६ ला गेले. हार्टचा त्रास होता. मग जमिनीवर वारस नोंद झाली, आई, मी आणि भाऊ अशी तिघांची नावं सातबाऱ्यावर लागली. दोन एकर आहे, कॅनॉलच्या कडेला. २०१८ मध्ये घराचं छत नव्याने घालायचं होतं, पैसे नव्हते, थोडी जमीन विकू म्हटलं तर भावाची सही कोण करणार. तेव्हा ओळखीच्या वकिलांनी समजावून सांगितलं, आणि अगदी चांगल्या मनाने सांगितलं, की तेव्हाचा भारतीय पुरावा कायदा १८७२, कलम १०८, ज्या माणसाची खबर ज्यांना मिळायला हवी त्यांना सात वर्षं मिळालेली नाही तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. म्हणजे आपण दिवाणी कोर्टात जायचं, तक्रारीची कॉपी जोडायची, कोर्ट त्याला मृत धरेल, मग तलाठ्याकडे अर्ज देऊन नाव कमी करून घ्यायचं. सात वर्षं झालीच आहेत. मी हो म्हणायच्या बेतात होते. मी थकले होते, आईचं घर गळत होतं, आणि मला वाटलं की कागदावरच तर आहे.

आई म्हणाली, "सकाळी ज्याच्यासाठी बापाकडं पांघरूण मागते त्याला दुपारी कोर्टात मेला म्हणून सांगू?"

वकील काही बोलले नाहीत. आई परत म्हणाली, नाव कमी करायचं नाही. तिने पुढचे चार पावसाळे ताडपत्रीखाली काढले, मी पाठवलेल्या पैशातून हळूहळू अर्धं छत झालं. मला त्या दिवशी तिचा राग आला होता, पुण्याला येताना एसटीत सगळा रस्ता मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. पण आता वाटतं, विश्वास या शब्दाचा अर्थ मला जर कुठे कळला असेल तर त्या वकिलांच्या ऑफिसात, कारण ती काही खात्रीने म्हणत नव्हती की तो येणार आहे. तसं ती कधीच म्हणाली नाही. तिने एवढंच धरलं की जे तोंड देवासमोर उघडतो तेच माणसांसमोर उघडायचं, दोन ठिकाणी दोन गोष्टी बोलायच्या नाहीत.

लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशू त्या विधवेची गोष्ट सांगतो, जी न्यायाधीशाकडे खेटे घालते. ती गोष्ट कशासाठी सांगितली तेही लूक आधीच लिहितो, की सर्वदा प्रार्थना करावी आणि खचू नये. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसांची पर्वा करत नाही, पण शेवटी म्हणतो हिला न्याय देऊन टाकतो नाहीतर ही येऊन येऊन मला बेजार करील. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डोळ्याखाली ठोसा मारणं असा आहे, मुष्टियोद्धे मारतात तसा. म्हणजे ती बाई हळू आवाजात हात जोडून उभी राहणारी नव्हती. पण मला त्या गोष्टीतलं सगळ्यात जास्त शेवटचं वाक्य लागतं, ज्याच्यावर संदेश फारसा होत नाही. देव आपल्या लोकांना न्याय देईल असं म्हणून झाल्यावर प्रभू येशू स्वतःच एक प्रश्न विचारतो, मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? आणि गोष्ट तिथेच संपते. त्याने त्याचं उत्तर दिलेलं नाही. आपण देवाला विचारतो कोठवर, आणि तो आपल्याला विचारतो तू असशील ना. मी गळक्या घरातल्या त्या गोधडीकडे बघितलं की मला वाटतं त्याला आढळला असता.

मी स्वतः मात्र आईसारखी नाही. २०२० मध्ये कोविड वॉर्डात मी जे पाहिलं त्यानंतर साधारण आठ महिने मी प्रार्थना केली नाही, म्हणजे जेवणाआधीची सुद्धा नाही. रोज कोणीतरी काचेपलीकडून माझ्याकडे बघत हात जोडायचं, आणि मी ज्यांच्यासाठी मनात नाव घेतलं ते जायचे, ज्यांचं घ्यायचं राहिलं ते घरी जायचे. त्याचा हिशोब लागेना. आईला फोनवर सांगितलं की मला नाही जमत आता. ती रागावली नाही, बायबलमधलं वचन सांगितलं नाही, म्हणाली तू दमलीस, तुझ्या वाटचं मी म्हणते, तू झोप. आठ महिने माझ्या वाटची तिने म्हटली. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की प्रार्थना ही एकेकट्याची वस्तू नाही, एकाचा हात दुखला की दुसऱ्याने टोक धरायचं असं काहीतरी ते आहे, आणि म्हणूनच वहीतून नाव गळणं एवढं लागलं होतं तिला.

त्यानंतर एका सुट्टीला मी मैत्रिणीबरोबर केडगावला गेले, पुणे-दौंड लाइनवर, पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये. रमाबाईंचं आयुष्य सगळ्यांना माहीत असतं पण तारखा एकाखाली एक लिहिल्या की वेगळं दिसतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ. १८८२ मध्ये नवरा, लग्नाला दोन वर्षंही झालेली नव्हती. पदरात एक मुलगी, मनोरमा. १९०५ मध्ये याच केडगावला मोठं उज्जीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं, शेकडो मुली रोज प्रार्थनेला जमायच्या, इथली प्रार्थना जगभर गाजली. आणि ज्या मनोरमाबाईंच्या हाती आईचं सगळं काम जायचं होतं त्या १९२१ च्या जुलैत चाळिशीत गेल्या. ज्या ठिकाणी एवढी प्रार्थना होत होती तिथे त्यांच्यासाठी कोणी मागितलं नसेल असं मला वाटत नाही. रमाबाई तेव्हा थकलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या. त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून, आणि मुलगी गेल्यावरही ते काम थांबलं नाही, मुद्रितं तपासणं शेवटपर्यंत चालू होतं. १९२२ च्या एप्रिलात त्या गेल्या. पूर्ण बायबल छापून झालं ते त्यानंतर, मुक्तीतल्याच छापखान्यात. मी तिथे उभी राहून विचार करत होते की त्या नऊ महिन्यांत रोज सकाळी टेबलाशी बसताना त्या काय म्हणत असतील. त्यात किती दिवस नुसतं काम केलं असेल आणि शब्द फुटले नसतील. मला वाटतं तेही देवाने प्रार्थनेतच धरलं असणार.

आई २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गेली. शेवटचे चार दिवस मी जवळ होते, माझ्याच हाताने सलाइन लावत होते. शेवटच्या पहाटे तिला उठता येईना, तर झोपूनच ओठ हलत होते. मी कान जवळ नेला. पांघरुणाचं चाललं होतं. थंडी सुरू झाली होती ना.

तिच्या अंत्यविधीला मी दारापाशी उभी होते, येणाऱ्या प्रत्येक दाढीवाल्या माणसाकडे बघत. तो आला नाही.

आता तिचा मोबाईल माझ्याकडे असतो, बंद केलेला नाही. गेल्या नाताळला त्याच्यावर फोन आला, त्या नंबरवाल्याचा, दर वर्षी करायचा तो नाताळला हे मला माहीतच नव्हतं. माय आहे का म्हणाला. मी सांगितलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, आला का तो? मी म्हटलं नाही. तो म्हणाला, नंबर चालू आहे बरं का ताई, मी रिचार्ज मारत असतो. माझं नवीन कार्ड आहे, हे नुसतं ठेवलंय.

सकाळची प्रार्थना आता मी म्हणते. नाइट असेल तर साडेचारला वॉर्डात सगळे झोपलेले असतात, नर्सिंग स्टेशनवर बसून डोळे उघडे ठेवून म्हणते, मॉनिटरकडे बघत. काही दिवस नुसतं नाव निघतं, पुढे काही सुचत नाही. काही दिवस भांडण निघतं. कधी कधी, फार थोड्या वेळा, असं वाटतं की खोलीत आपलं बोलणं ऐकणारं कोणीतरी आहे, आणि बरेच दिवस तसं काहीच वाटत नाही, मी तरी म्हणते. सातबाऱ्यावर आईचं नाव कमी झालं, वारस नोंद झाली. आम्हा दोघांची नावं आहेत.

गेल्या महिन्यात गावी गेले तेव्हा बुधवार होता. नवे पाळकसाहेब आहेत, तरुण, आमची जुनी गोष्ट त्यांना माहीत नाही. त्यांनी विषय विचारले. मी हात वर केला, उभी राहिले आणि त्याचं नाव सांगितलं, घरातून गेलाय, खबर नाही, त्याच्यासाठी. खोलीतल्या जुन्या माणसांनी माना वर केल्या. पाळकसाहेबांनी वही उघडली, नाव लिहिलं, आणि पेन तसंच धरून विचारलं, वय काय त्याचं?

बावीस म्हणायला मी तोंड उघडलं होतं. मग थांबून बोटांवर मोजलं.

"छत्तीस," मी म्हटलं.

त्यांनी लिहून घेतलं.